पट्टीची साक्ष

मोनाली बाबर बसमध्ये कंडक्टर होती आणि कामाला एकदम चोख. भरलेल्या गाडीत कोण कुठं चढलं, कुणाचं तिकीट कुठपर्यंतचं आहे, कोण डुलकी घेतोय आणि त्याचा थांबा हुकणार आहे, हे तिला मशिनकडं न बघता सांगता यायचं. बस आता बॅटरीवर पळायच्या, बहुतेक तिकिटं फोनवरच निघायची, तरी डोंगराकडच्या गाड्यांवर कंडक्टर ठेवावाच लागायचा. म्हाताऱ्या बायकांना हात देऊन चढवायचं, कोंबड्यांची पाटी कुठं ठेवायची ते सांगायचं आणि सीटवरनं होणारी भांडणं सोडवायची, हे कुठल्या यंत्राच्या बापाला अजून जमलेलं नव्हतं. तर अशी ही हुशार बाई, पण स्वतःच्या लेकीला लघवीला कधी लागेल हे तिला सांगता येत नव्हतं. लेकीला तरी कुठं येत होतं म्हणा!

लेक शिवन्या आठ वर्षांची, तिसरीत. स्वमग्न मूल. बोलायची, पण तिला हवं तेव्हा आणि हवं त्याबद्दल. आईच्या मार्गावरचे एकतीस थांबे तिला जातानाच्या आणि येतानाच्या क्रमानं पाठ होते. घाबरली की ते म्हणत सुटायची. आणि आठवड्यातनं तीन वेळा तरी शाळेत तिची चड्डी ओली व्हायची. कधी नुसती ओली, कधी त्याहून वाईट. असं सरळ सांगितलेलं बरं, कारण या गोष्टीबद्दल लोक फार आडून बोलतात. "तिचं ते झालं," "परत तसंच झालं." मोनालीच्या नणंदेनं तर बोलणंच सोडलं होतं, ती नुसती सोफ्यावर चादर अंथरायची.

मोनालीचा नवरा अमर, त्याचं वेल्डिंगचं दुकान. सकाळी पाचला बायको ड्युटीवर गेली की पोरीचं आवरणं, डबा, ओले कपडे धुणं हे सगळं त्याच्याकडं. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही कधी, हे सांगायलाच हवं. पण असं मूल वर्गात असण्याचा शाळेला वाटत होता. जूनमध्ये मुख्याध्यापकांनी दोघांना बोलावून गोड शब्दांत सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत बघू. नाहीच जमलं तर जिल्ह्याला अशा मुलांची निवासी शाळा आहे, छान आहे." जिल्हा नव्वद किलोमीटरवर. आणि शिवन्या अशी, की उशीचा अभ्रा बदलला तरी दिवसभर त्या उशीला शिवायची नाही. तिला तिथं सोडून यायचं? मोनालीच्या पोटात त्या दिवशी जो गोळा आला तो काही हलायला तयार नव्हता.

म्हणून पट्टी आली, तेव्हा दोघांनी देवाला नारळ फोडला.

पट्टी कशी काम करते ते मुजावर सिस्टरनी नीट समजावून सांगितलं होतं. तालुक्याच्या सरकारी बालविकास केंद्रात या सिस्टर. बोलायला फटकळ, पण समजावायला बसल्या की समोरचा अंगठेबहाद्दरसुद्धा डॉक्टर होऊन उठावा. त्यांचं म्हणणं असं. आपल्या पोटात काय चाललंय याची बातमी मेंदूला सारखी जात असते. भूक लागली, तहान लागली, छाती धडधडतेय, लघवीची पिशवी भरत आली. मेंदूच्या एका घडीत, कानाच्या वरच्या अंगाला, आत दडलेला एक भाग आहे, तो या बातम्या गोळा करतो. बहुतेकांना त्या वेळेवर पोचतात. पण काही स्वमग्न मुलांमध्ये, आणि ज्यांचं लक्ष एका जागी ठरत नाही अशा काही मुलांमध्येही, ही बातमी फार क्षीण येते. नाहीतर वर्गातला पंखा, कॉलरचं टोचणं, शेजारच्या पोराचं पेन्सिल आपटणं या सगळ्या गलक्यात ती बुडून जाते. पोचते तेव्हा उशीर झालेला असतो.

"म्हणजे हट्ट नाही, आळस नाही, आणि तुमची शिस्त कमी पडली असंही नाही," सिस्टर म्हणाल्या होत्या. मोनालीला ते वाक्य लिहून घ्यावंसं वाटलं होतं.

आता पट्टी. पापडासारखी पातळ, मऊ, बेंबीच्या खाली चिकटवायची. तिच्यातनं कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी आत जातात, पिशवीच्या भिंतींवर आपटून परत येतात, आणि त्यावरून पिशवी किती भरली याचा आकडा निघतो. आकडा आईबापांच्या आणि बाईंच्या फोनवर दिसतो. साठ टक्क्यांच्या वर गेला की मुलाच्या मनगटावरचा पट्टा हलकेच आवळतो, आईनं हात धरावा तसा. रोज असं होत राहिलं की आतली बारीक बातमी आणि मनगटावरचा दाब यांची मेंदू सांगड घालतो, आणि काही महिन्यांनी पट्ट्याशिवायही ती बातमी ओळखायला लागतो. यंत्र बाजारात येऊन तीन वर्षं झाली होती. त्याचं नाव 'चाहूल' होतं, पण बाबरांच्या घरात ते पट्टीच राहिलं.

एक फॉर्म भरून द्यायचा होता. त्यात एक प्रश्न होता, मूल दिवसभरात पुरेसं पाणी पितं का? मोनालीनं 'हो'वर खूण केली. खोटं बोलायचं तिच्या मनातही नव्हतं.

पहिले दहा दिवस सोन्यासारखे गेले. मनगट आवळलं की शिवन्या वर्गात उभी राहायची, "पट्टा बोलला," म्हणायची आणि जायची. पोरं हसली नाहीत, उलट दोघातिघांना तसला पट्टा हवा होता. अमरनं अकराव्या दिवशी जिलेबी आणली.

आणि बाराव्या दिवशी वर्गात गणिताच्या उदाहरणांचं कार्ड सोडवायचं चालू असताना शिवन्याच्या बाकाखाली थारोळं साचलं.

मोनाली ड्युटी संपवून शाळेत गेली तेव्हा वर्गशिक्षिका पाटोळे बाई तिची वाटच बघत होत्या. बाई वाईट नव्हत्या. चाळीसच्या वर पोरांचा वर्ग, त्यात ही एक, आणि मदतीला कुणी नाही. शिवन्यासाठी त्यांनी स्वतःच्या कपाटात दोन जादा चड्ड्या ठेवल्या होत्या.

"शिवन्याच्या मम्मी, वाईट वाटून घेऊ नका," बाई म्हणाल्या आणि फोन पुढं केला. "पण हे बघा. अकरा वाजून सहा मिनिटं. तेव्हाच झालं ते. आकडा किती आहे? चोवीस टक्के. खाली काय लिहिलंय? गरज नाही."

"मग पट्टी बिघडली असंल, बाई."

"मी त्या कंपनीला फोन केला. त्यांनी तिकडनं तपासलं. पट्टी ठीक आहे." बाईंनी आवाज खाली घेतला. "आजवर मला वाटायचं, पोरीला कळतच नाही, तिचा काय दोष! पण आता मशिनच सांगतंय की लागलेली नव्हती. आणि तरी झाली. मग मी काय समजायचं, तुम्हीच सांगा. त्या वेळी गणिताचं कार्ड चालू होतं, आणि तिला ते नको होतं."

म्हणजे मुद्दाम. बाईंनी शब्द उच्चारला नाही, पण मोनालीला तो ऐकू आला.

आता हे बघा कसं झालं. पट्टी येण्याआधी शिवन्याच्या बाजूनं एक गोष्ट होती, ती म्हणजे कुणालाच काही ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलं की माणसं जरा सांभाळून बोलतात. आता आकडा आला, आणि आकडा पोरीच्या विरुद्ध साक्ष द्यायला उभा राहिला. त्या आठवड्यात आणखी दोनदा तसंच झालं, सव्वीस टक्के आणि एकोणीस टक्के. बाईंनी तारीखवार लिहून ठेवलं. शिपाईमावशी फरशी पुसताना म्हणाल्या, "लई लाडावलीय." ते शिवन्यानं घरी येऊन जसंच्या तसं, मावशींच्या सुरात म्हणून दाखवलं.

आणि त्या दिवशी मोनालीचा तोल गेला. दहा तास उभं राहून आलेली, त्यात सुट्ट्या पैशांवरनं एका पुढाऱ्यानं गाडीत तमाशा केलेला. घरी येऊन बघते तर दप्तरात ओली चड्डी.

"खरं सांग. मुद्दाम करतीस?"

शिवन्या भिंतीकडं बघत राहिली.

"बोल की! मशिन सांगतंय लागलेली नव्हती. मग कशी झाली?" आणि पाठीत एक धपाटा घातला.

शिवन्या रडली नाही. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "एकोणीस होती. मी बाईंच्या फोनवर बघितली. पण आली. कशी आली ते मला माहीत नाही." मग कोपऱ्यात जाऊन बसली आणि येतानाचे थांबे म्हणायला लागली. एकतिसाव्या थांब्यापर्यंत गेली आणि परत पहिल्यापासून सुरू केलं.

मोनाली स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकली. आपल्या हाताला काय झालं होतं, तेच तिला कळेना. पोरीवर हात उगारायचा नाही असं दोघांचं ठरलेलं, आणि आठ वर्षांत ते पहिल्यांदा मोडलं होतं, तेही एका आकड्याचं ऐकून. तिला स्वतःची लाज वाटली.

अमर पाठोपाठ आला. तो रागावला नाही. ओट्यावरचं भांडं उचलून उगाच पुसत म्हणाला, "मोना, माझ्या मशिनला पण मीटर आहे. मीटर म्हणतं करंट बरोबर आहे. तरी मी जोड हातोडीनं ठोकून बघतो. का? मीटर करंट सांगतं, जोड पक्का झाला का ते नाही सांगत." मग म्हणाला, "उद्या सिस्टरकडं जा. दुकान बंद ठेवून मी येतो पाहिजे तर."

"नको. मी जाते."

दुसऱ्या दिवशी शनिवार. ड्युटी सुटली तशी मोनाली खाकी ड्रेसमध्येच शिवन्याला घेऊन केंद्रात पोचली. चार वाजून गेले होते. मुजावर सिस्टरनी पाटोळे बाईंच्या नोंदीवरनं उतरवून आणलेला तारखांचा कागद वाचला, शिवन्याचं पोट हळूच चाचपलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"संडासला कधी जाते?"

"चार दिवसांनी. कधी पाच."

"हं. पोट दगड झालंय पोरीचं." त्यांनी दुसरी पट्टी काढली. "पट्टीचा आकडा खरा असतो का खोटा ते आधी बघू. तुमच्या पोटाला लावू का ताई? पोरीला पण दिसेल कसा आकडा येतो."

मोनाली पलंगावर टेकली. पट्टी लावली. मनगटाला पट्टा बांधायचा अवकाश, तो असा आवळायला लागला की सोडायचं नावच घेईना. शिवन्या पुढं वाकून स्क्रीन वाचायला लागली. "अठ्ठ्याण्णव टक्के. अठ्ठ्याण्णव टक्के, मम्मी. तातडीनं जा, असं लिहिलंय. लाल अक्षरात."

"मला तर काही वाटत नाही," मोनाली म्हणाली.

सिस्टरनी स्क्रीन आपल्याकडं वळवून आकडा वाचला. "शेवटचं कधी गेला होता?"

"सकाळी. निघताना. पाचला."

"अकरा तास?"

"गाडीवर कुठं जाणार, सिस्टर? मधल्या थांब्यावर आडोसा नसतो. असला तरी खाली गाडीभर माणसं थांबलेली. मग आम्ही बायका पाणीच पीत नाही. निघताना एक घोट, जेवताना अर्धा ग्लास. नवीन पोरगी ड्युटीला लागली की पहिलं हेच शिकवतो तिला. सवय होते. एकदा सवय झाली की काही जाणवत नाही."

"आणि हिला?" सिस्टरनी शिवन्याकडं हात केला. "हिला कुणी शिकवलं?"

मोनालीनं लेकीकडं बघितलं.

शिवन्या शाळेत जायला लागली त्या पहिल्या आठवड्यातच, पहिल्यांदा ओली होऊन घरी आली त्या दिवशी, मोनालीनं घराचा नियम करून टाकला होता. शाळेच्या आधी पाणी नाही. शाळेत पाणी नाही. घरी आल्यावर एक ग्लास, जेवताना एक. शिवन्याला नियम आवडतात, तिनं तो असा पाळला की कधी मोडला नाही. आणि पाण्याबद्दल फॉर्मवर विचारलं तेव्हा मोनालीनं 'हो' म्हटलं, कारण तिच्या हिशोबानं ते पाणी पुष्कळच होतं. ती स्वतः त्याच्या निम्म्यावर दिवस काढत होती.

"मीच," ती म्हणाली. "मीच शिकवलं. ओली होऊ नये म्हणून."

"बसा अशा. नाही, आधी जाऊन या. तो दरवाजा. मग बसा." मोनाली जाऊन आली. सिस्टरनी तेवढ्यात कागदावर दोन गोळे काढून ठेवले होते, एक मोठा, एक लहान.

"ही लघवीची पिशवी, ही मागची आतडी. पाणी कमी पडलं की शरीर आधी आतड्यातलं पाणी शोषून घेतं. मग इथं खडा धरतो. चार-चार दिवसांचा साठला की आतडी फुगते आणि पिशवीला पुढं रेटते. तिला भरायला जागाच राहत नाही. आणि पाणी नाही म्हणून लघवी होते घट्ट, पिवळी, आग करणारी. तिनं पिशवीला सारखं झोंबतं. मग पिशवी भरायची वाटच बघत नाही. वीस टक्क्यांवरच अचानक आवळते आणि सोडून देते. पट्टी काय सांगते? किती भरलं तेवढं. पिशवी कधी आवळणार ते तिला दिसतच नाही. पट्टीनं खरंच सांगितलं आणि पोरीनं पण खरंच सांगितलं."

"म्हणजे ती मुद्दाम..."

"अहो ताई, मुद्दाम करायला आधी कळावं लागतं!"

मोनाली तिथंच, त्या हिरव्या पडद्यामागं, हमसून हमसून रडली. रडण्यात धपाट्याची लाज होती, पण जीव भांड्यात पडला होता हेही तितकंच खरं. पोर खोटं बोलत नव्हती. शिवन्यानं थोडा वेळ बघितलं आणि पट्टा बांधलेलं आईचं मनगट आपल्या हातात घेऊन हळूच दाबलं.

"शिवू, मी तुला मारलं ते चुकलं माझं," मोनाली म्हणाली. "तू खरं सांगत होतीस."

"हो," शिवन्या म्हणाली. त्यात तिला काही विशेष वाटलं नाही.

सिस्टरनी औषध दिलं, वेळापत्रक दिलं. दिवसाला सहा ग्लास पाणी, त्यातले तीन शाळेत. दोन्ही जेवणांनंतर पायाखाली पाट घेऊन दहा मिनिटं कमोडवर बसायचं. "आणि सुरुवातीला वाढेल हं. घाबरून पाणी बंद केलंत तर मी तुमच्या गाडीत येऊन भांडेन."

तसंच झालं. पहिल्या आठवड्यात पाच वेळा. पाटोळे बाईंनी पाचही वेळा नोंद केली. शिवन्याला जुना नियम मोडायला लावणं हे तर वेगळंच दिव्य, तिच्या मते नियम म्हणजे नियम. शेवटी अमरनं दुकानातल्या पत्र्यावर खडूनं नवा नियम लिहिला, खाली तिघांच्या सह्या घेतल्या आणि तो पत्रा दाराशी टांगला, तेव्हा कुठं शिवन्या बाईसाहेबांना पटलं. दुसऱ्या आठवड्यात दोनदा. मग एकदा. मग नवरात्र गेलं, दसरा गेला, आणि एकवीस दिवस कोरडे. पट्टा साठावर आवळायचा, शिवन्या जायची. पोट मऊ झालं, भूक वाढली, चेहरा उजळला.

मोनालीनं घरी पाणी प्यायला सुरुवात केली. गाडीवर मात्र नाही. लेकीचा नियम मोडता आला, स्वतःचा मोडायला तिचा हात धजेना.

आणि शाळा? शाळेचा विश्वास अजून आकड्यावरच होता. मुख्याध्यापक म्हणाले, "छान आहे प्रगती. आता सहल आहे. दिवसभर बाहेर, नवी जागा, गोंधळ. तिथं निभावलं तर मूल इथंच राहील. पाटोळे बाई लिहून देतील तसं." म्हणजे परीक्षेचा दिवस ठरला. सहलीसाठी शाळेनं आमच्या मोनालीच्याच डेपोची गाडी घेतली होती. तिनं दुसऱ्या कंडक्टरला दोन रविवार कबूल करून ती ड्युटी बदलून मागितली.

सकाळी सातला गाडी निघाली. चव्वेचाळीस पोरं, दोन बाई, स्टिअरिंगवर शेडगेमामा. धरणाखालच्या बागेत साडेदहाला पोचायचं, तिथं स्वच्छ सोय आहे, म्हणून मध्ये थांबा ठेवलेला नव्हता. पाटोळे बाई पहिल्या सीटवर फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मोनाली दाराशी उभी. तिला पोरीचं डोकं दिसत होतं, चौथ्या सीटवर, खिडकीशी, आणि ते डोकं जरा जरी हललं की हिचं काळीज हलत होतं.

पावणेदहाच्या सुमाराला, घाट उतरून उसाची रानं लागली तेव्हा, शिवन्या उठून उभी राहिली.

"मम्मी, मला लागली."

मोनालीला आधी खरंच वाटेना. आठ वर्षांत हे वाक्य तिनं या पोरीच्या तोंडून ऐकलं नव्हतं. 'झाली' ऐकलं होतं. 'पट्टा बोलला' ऐकलं होतं. 'लागली' कधीच नाही.

पाटोळे बाईंनी फोन बघितला. "अगं, एकतीस टक्केच दाखवतंय. पट्ट्यानं दाबलं का तुला?"

"नाही."

"मग नाही लागलेली. अर्ध्या-पाऊण तासात बाग येतेच. बस बघू खाली."

शिवन्या बसली नाही. तिनं पट्ट्याकडं बघितलं, मग पोटावर हात ठेवला. तिला कोडं पडलं होतं ते तोंडावर दिसत होतं. "पट्टा नाही म्हणतो," ती सावकाश म्हणाली. "पोट हो म्हणतं."

बाईंनी मोनालीकडं बघितलं. "शिवन्याच्या मम्मी, तुम्हीच समजवा. प्रत्येकासाठी गाडी थांबवत बसलो तर झालंच. आणि मशिन स्पष्ट गरज नाही म्हणतंय."

आता काय करायचं? गाडी थांबवली आणि काही झालंच नाही, तर बाई लिहिणार, उगाच हट्ट करते, सहलीत अडथळा. नाही थांबवली आणि झाली, तर सगळंच संपलं, दिवाळीनंतर नव्वद किलोमीटर. वर डेपोचा कायदा वेगळाच. ठरलेला नसताना गाडी थांबली की त्याची नोंद आपोआप होते आणि कंडक्टरला कारण द्यावं लागतं. शेडगेमामाही आरशातनं बघत होते. "बाबरताई, काय म्हणतं मशिन?"

मोनालीच्या खिशात फोन होता. तिनं तो काढला नाही. तिनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं आणि वरची दोरी ओढली. टण्ण.

"थांबवा मामा. माझ्या पोरीला लागलीय."

गाडी एका गुऱ्हाळाशी थांबली. चुलवण नुकतं पेटलेलं, उसाच्या रसाचा वास सुटलेला. मोनाली शिवन्याचा हात धरून उतरली. दारात एक बाई चिपाडं गोळा करत होती.

"वहिनी, पोरीला जायचंय जरा."

"या की! त्यात काय एवढं? मागं आहे बघा, कडी वरनं आहे."

शिवन्या आत गेली. कडी लागली. मोनाली दाराबाहेर उभी राहिली, आणि तेवढ्या वेळात तिनं गावातल्या सगळ्या देवांची नावं घेतली. मग पाण्याचा आवाज आला. चांगला बादलीभर पाण्याचा. कडी निघाली आणि शिवन्या बाहेर आली. कोरडी. एकदम कोरडी.

"झाली," ती म्हणाली. "पुष्कळ होती."

मोनालीला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. पोरीच्या पोटानं निरोप दिला होता, आणि पोरीनं तो स्वतः ऐकला होता, पट्ट्याच्याही आधी. तिनं शिवन्याला उचलून गच्च धरलं. शिवन्याला गच्च धरलेलं आवडत नसे, तरी तिनं चार आकडे मोजेपर्यंत सहन केलं आणि मग सांगितलं, "आता सोड."

वळून बघते तो काय! गाडीतनं पोरी उतरत होत्या. आधी एक, मग तीन, मग ओळच लागली. "बाई, मला पण." "मला कधीची लागलीय." "मी बोलले नाही, रागावाल म्हणून." पोरांनी तर उसाच्या कडेला आधीच आपली सोय बघितली होती. गुऱ्हाळाच्या वहिनी कमरेला पदर खोचून ओळ लावायला लागल्या, "एकेक जा गं, ढकलाढकली नको, पाणी भरपूर आहे." पंधरा पोरी मोनालीनं मोजल्या. एकीच्याही पोटाला पट्टी नव्हती आणि एकीनंही तोंड उघडलं नव्हतं.

पाटोळे बाई सगळ्यात मागनं उतरल्या. हातात वही होती. पोरींची ओळ त्यांनी बघितली. मग मोनालीच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"एकतीस टक्के," त्या म्हणाल्या. "आणि तरी."

"पट्टी खोटं नाही बोलत, बाई. तिला माहीत तेवढं सांगते. घाटातले गचके, सकाळचा गारठा, यातलं तिला काय कळणार?"

"मी पोरीला मुद्दाम करते म्हणाले होते."

"मी तर मारलं होतं."

बाईंनी वही उघडली. आकड्याचा रकाना होता, त्यावर त्यांनी उभी रेघ मारली. शेजारी लिहिलं आणि लिहून झाल्यावर मोनालीला वाचायला दिलं. 'कुणी विचारलं नसताना स्वतः सांगितलं. वेळेवर सांगितलं. ही मुलगी याच वर्गात राहावी असं माझं मत आहे.' खाली सही केली, तारीख घातली.

मोनालीनं ते दोनदा वाचलं. जूनपासून पोटात बसलेला तो गोळा कुठं गेला तेच तिला कळलं नाही. तिला भूक लागली होती, कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी.

"शिवन्याच्या मम्मी," बाई जरा संकोचून म्हणाल्या, "एवढी वही आणि पर्स धरता का? मलाही जायचंय. सकाळी साडेपाचपासून. शाळेत एकच आहे हो, आणि मधल्या सुट्टीत तिथं पोरींची एवढी गर्दी."

"जा की बाई. मी धरते."

पोरी एकेक करून परत गाडीत चढल्या. शिवन्या खिडकीशी जाऊन बसली होती आणि शेजारणीला या रस्त्यावरचे थांबे शिकवत होती. बाई मोकळ्या होऊन आल्या, वही-पर्स घेतली, चढल्या. शेडगेमामांनी घड्याळ बघितलं, स्क्रीनवर थांब्याचं कारण मागणारी खिडकी उघडून बसली होती.

"बाबरताई, पंचवीस मिनिटं झाली! चला आता. कारण काय टाकू?"

मोनालीनं खांद्यावरची चामडी पिशवी उतरवून त्यांच्या हातात दिली.

"खरं तेच टाका, मामा," ती म्हणाली. "आणि पाच मिनिटं थांबा. मला पण लागलीय."

आणि गुऱ्हाळाच्या मागच्या दाराकडं ती चालायला लागली.